ऑस्ट्रेलियातले सगळे खुन्यांचे वंशज? अहो, नाही!

ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की ऑस्ट्रेलियातले सगळे गोरे म्हणजे इंग्लंडने हाकललेल्या खुन्यांची पोरंबाळं आणि तिथे कैद्यांना घरसंसार असा नव्हताच. दोन्ही चूक आहे. १७८८ ते १८६८ मध्ये साधारण १ लाख ६२ हजार कैदी पाठवले हे खरं, पण बहुतेकांचा गुन्हा चोरीचा, कुणी कपडे उचलले कुणी मेंढी, खुन्याला तर बहुतेक वेळा इंग्लंडमध्येच फाशी व्हायची. आणि साऊथ ऑस्ट्रेलिया ही कैद्यांची वसाहत नव्हतीच, शिवाय नंतर स्वतःहून आलेले लोक कितीतरी जास्त.

आता संसाराचं बघा. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स, दोघंही चोरीचे कैदी, इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या तुरुंगात भेटले, तिथेच बाळ झालं आणि जहाजावर चढताना त्या तान्ह्याला आईपासून तोडलं होतं, वाचून पोटात कालवतं, पण एका जेलरने धावपळ करून त्यांना परत एकत्र आणलं. फेब्रुवारी १७८८ मध्ये सिडनीत त्यांचं लग्न लागलं, त्यांना एकूण ११ मुलं झाली!

कुणाला पूर्वज शोधायचे असतील तर जहाजाच्या कैदी याद्या, लग्नाच्या परवानगीचे अर्ज आणि १८२८ ची जनगणना बघा, पण फक्त नावावर जाऊ नका. मेरी रायबी, तिकडे पाठवलेली कैदी, जिचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे, तिला १३ व्या वर्षी घोडा चोरला म्हणून पकडलं तेव्हा ती मुलाच्या वेशात होती आणि नाव सांगितलं होतं जेम्स बरो.