लॉकडाऊनमध्ये ग्रीडला आराम होता म्हणे!

परत तो मेसेज फिरतोय, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद, ऑफिसं बंद, मागणी पडली, म्हणजे वीजवाल्यांना आराम, उरलेली वीज दवाखान्यांना मिळाली आणि कंपन्यांचा खर्च वाचला. एकेक मुद्दा घेतो, कारण यातला एकही बरोबर नाही.

"मागणी कमी म्हणजे काम सोपं." उलट आहे. ग्रीडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रं आणि गिऱ्हाइकं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, वीज साठत नाही, जेवढी लागते तेवढीच त्या क्षणाला बनवावी लागते. कोळशावर वीज बनवणारं यंत्र एका मर्यादेखाली उतरवता येत नाही आणि बंद केलं तर परत चालू व्हायला तासन् तास जातात. त्यात लांबच्या लाइनीवर लोड नसला की व्होल्टेज चढतं, मग रिॲक्टर (व्होल्टेज खाली ओढणारं उपकरण, अणुभट्टी नव्हे) लावा, तरी उतरलं नाही तर धडधाकट लाइन मुद्दाम बंद करा. ब्रिटनमध्ये तर मागणी पडली म्हणून ग्रीडवाल्यांनी साइझवेल बी अणुकेंद्राचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आणायला पैसे मोजले, बोला.

"५ एप्रिलला रात्री ९ वाजता देशभर ९ मिनिटं दिवे घालवले, काही झालं का?" झालं नाही कारण ग्रीड सांभाळणाऱ्या लोकांनी होऊ दिलं नाही. अंदाज होता मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने पडेल, पडली सुमारे ३१ हजारने! पण तयारी आधीच होती, ९ वाजायच्या आधी कोळशाची वीज उतरवत आणली, त्याच वेळी पाण्याची चढवली, आणि दिवे गेले तसं जलविद्युत झपाझप खाली घेतलं, कारण पाण्याचं यंत्र मिनिटात ऐकतं. मग दिवे लागले तसं तेच परत वर. भारतात फ्रिक्वेन्सी (मागणीपेक्षा वीज जास्त झाली की चढते, कमी पडली की उतरते) ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते, त्या रात्री ती ५०.२६ पर्यंत चढली आणि ४९.७० पर्यंत उतरली. ही काय आरामाची रात्र होती?

"उरलेली वीज दवाखान्यांना." कारखान्याची वीज पोत्यात भरून नेता येत नाही हो. ऑक्सिजन प्लांट, नवीन आयसीयू आला की ताण पडतो तिथल्याच ट्रान्सफॉर्मरवर, केबलवर, जनरेटरवर. देशात वीज कितीही शिल्लक असू दे, तो ट्रान्सफॉर्मर उडाला की व्हेंटिलेटरला तिचा काय उपयोग?

"खर्च वाचला." वाचला तो कोळसा. वीज घ्या न घ्या, करार केलेल्या केंद्रांचा स्थिर आकार, म्हणजे ठरलेली रक्कम, भरावाच लागतो. जास्त दर देणारे उद्योग बंद, कमी दराचा घरगुती वापर वाढलेला, वसुली अडकलेली. म्हणून तर मे २०२० मध्ये केंद्राला वितरण कंपन्यांसाठी ९०,००० कोटींची कर्जाची सोय जाहीर करावी लागली.

आणि माणसं? कंट्रोल रूमचा ऑपरेटर आजारी पडला तर बाहेरून कुणी आणून बसवता येत नाही, ते काम शिकायला वर्षं लागतात. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रीडने मार्च २०२० मध्ये ३७ ऑपरेटर कामाच्या जागीच मुक्कामाला ठेवले, कित्येक आठवडे, घरच्यांपासून लांब.