वर्षभराची एमओटी आहे, मग आणखी काय पाहिजे?

पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी इंग्लंडात येऊन दाखल झालेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात, पहिल्या सहा महिन्यांतच, एक दिवस असा उजाडतो की मुलांना शाळेत सोडून, तिरप्या पावसात बसथांब्यावर वीस मिनिटे उभे राहिल्यावर तो मनाशी ठरवून टाकतो : वापरलेली का होईना, पण आता गाडी घ्यायचीच. आपल्याकडच्या परवान्यावर इथे बारा महिने गाडी चालवता येते, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असतेच. अशा सर्व बंधुभगिनींसाठी, स्वतःचे बरेच पैसे घालवून मिळवलेले ज्ञान मी येथे विनामूल्य देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीकडे पाहू नये, तारखेकडे पाहावे. जाहिरातीत ‘मार्चपर्यंत एमओटी’ (म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक चाचणीचे प्रमाणपत्र मार्चपर्यंत चालणारे) असे लिहिलेले असले की बाकीचा मजकूर वाचण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. आपल्या घडणीत ही गोष्ट मुरलेलीच आहे. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पुढची पंधरा वर्षे आरटीओचे तोंड पाहावे लागत नाही, आणि मधल्या काळात पेट्रोलपंपाशेजारी उभ्या असलेल्या व्हॅनमधून पीयूसीचा कागद घेतला की कायद्याशी आपला संबंध संपतो. प्रमाणपत्र ही ‘काढण्याची’ वस्तू आहे, जातीचे काढतात, उत्पन्नाचे काढतात, तसे गाडीचेही काढतात, ही आपली समजूत सातासमुद्रापलीकडे तशीच सांभाळून न्यावी.

एमओटी म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. अर्नेस्ट मार्पल्स हे परिवहनमंत्री असताना, १९६० साली ही चाचणी सुरू झाली आणि तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच तपासत. त्या पहिल्या फेरीत इतक्या गाड्या नापास झाल्या की वयाची मर्यादा पुढच्याच वर्षी सातवर आणि १९६७ मध्ये तीनवर आणावी लागली. ते मंत्रालय त्या नावाने केव्हाच उरले नाही, पण चाचणीला चिकटलेले नाव काही सुटले नाही. आजही गाडीला तीन वर्षे पूर्ण झाली की (उत्तर आयर्लंडात चार) दर वर्षी ती तपासून घ्यावी लागते आणि एमओटीविना गाडी चालवल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होतो.

आता काही संशयी लोक विचारतात की या चाचणीत नेमके काय तपासतात. हा प्रश्न आपण विचारू नये, कारण उत्तर मिळते आणि ते ऐकून झोप उडते. हॉर्न वाजतो का, सीटबेल्ट अडकतात का, काच धुण्याचे पाणी उडते का, हे तिथे पाहतात. समोरच्या काचेवर, चालकाच्या अगदी डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात दहा मिलिमीटरहून मोठा तडा असेल तर गाडी नापास होते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या प्रकृतीची चौकशी मात्र त्या चाचणीच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे वायपरचे रबर फाटलेली गाडी नापास होते आणि क्लच शेवटच्या घटका मोजत असलेली गाडी सन्मानाने पास होते. माझ्या पहिल्या गाडीची एमओटी अकरा महिने शिल्लक होती. क्लच अकराव्या दिवशी गेला, तोही चढावर, मागे दोन बस खोळंबलेल्या असताना. त्या बसमधल्या लोकांना मी एमओटीची तारीख सांगू शकलो असतो, पण कोणी विचारली नाही.

दुसरी गोष्ट, गाडीचा इतिहास पाहू नये. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तिच्या चाचण्या, म्हणजे कधी पास झाली, कधी आणि कशामुळे नापास झाली, त्या दिवशी किती मैल झाले होते, हे सारे एक छदामही न देता समोर येते. विकणाऱ्याची परवानगी लागत नाही, ओळख लागत नाही, ‘साहेबांना भेटून या’ असे कोणी म्हणत नाही. जे मिळवण्यासाठी एकही खेप घालावी लागली नाही, अशा सरकारी माहितीवर आपण विश्वास तरी कसा ठेवावा? तरीही कोणाला राहवले नाही आणि, समजा, २०१९ साली ८१,००० मैल, २०२१ साली ९६,००० मैल आणि २०२३ साली ६२,००० मैल असे आकडे दिसले, तर लगेच शंका घेऊ नये. मधली दोन वर्षे मालकाने गाडी उलटी चालवली असण्याची शक्यता आपण मोकळ्या मनाने विचारात घ्यावी.

या इतिहासातला सर्वांत दुर्लक्ष करण्याजोगा भाग म्हणजे ॲडव्हायझरी. २० मे २०१८ पासून दोषांची वर्गवारी केलेली आहे : डेंजरस आणि मेजर असले की गाडी नापास, मायनर असले तर पास, आणि त्याखाली नुसता सल्ला, म्हणजे ॲडव्हायझरी. डेंजरस दोष निघाला तर जुन्या एमओटीची मुदत शिल्लक असली तरी दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ही तरतूद तारखेवर श्रद्धा असणाऱ्यांची उघड उघड अवहेलना आहे, पण ते असो. ॲडव्हायझरी हा केवळ सल्ला आहे, आणि सल्ला ही मराठी माणसाने देण्याची वस्तू आहे, घेण्याची नव्हे. ‘पुढचा नियरसाइड टायर कायदेशीर मर्यादेच्या जवळ झिजलेला’ असे ओळीने तीन वर्षे लिहून आले असेल तर त्यातून एवढाच निष्कर्ष काढावा की टायर चिवट आहे. (नियरसाइड म्हणजे पदपथाकडची बाजू आणि ऑफसाइड म्हणजे चालकाकडची. डावी-उजवी म्हणायला इंग्रजांना काय अडचण आहे, हे मला अजून उमगलेले नाही.) आणि ‘ब्रेक पाइप गंजलेला, ग्रीसने किंवा अन्य पदार्थाने झाकलेला’ अशी नोंद दिसली तर मालकाने पाइपाची किती हौसेने निगा राखली आहे, याचे कौतुक करावे. या देशात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. लोणच्यात मीठ कैरीला टिकवते, इथे ते गाडीचे पोट खाते. पण गाडीचे पोट पाहायला ओल्या जमिनीवर आडवे व्हावे लागते आणि आपण तर नवे जाकीट घालून गेलेलो असतो.

टायरचा विषय निघालाच आहे तर खिशातले वीस पेन्सचे नाणे बाहेर काढू नये. टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीवर, संपूर्ण घेरभर, नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी असा कायदा आहे. नाणे खाचेत उभे घातले आणि त्याची बाहेरची कड दिसत राहिली, तर टायर संपत आला असे समजतात. विकणाऱ्यासमोर असे नाणे काढणे म्हणजे सोयरिकीला गेल्यावर मुलीच्या वडिलांकडे पगाराची पावती मागण्यासारखे आहे. बेकायदा टायरमागे दंड अडीच हजार पौंडांपर्यंत आणि परवान्यावर तीन पेनल्टी पॉइंट, तेही प्रत्येक टायरला. ज्यांनी इथली परीक्षा देऊन नवा परवाना मिळवला आहे त्यांना पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की परवानाच रद्द होतो, म्हणजे दोन गुळगुळीत टायरांत हिशेब पुरा होतो. उरलेल्या दोन टायरांची काळजी मग आपोआपच मिटते.

काही जाहिरातींत ‘एमओटी तीन आठवडे शिल्लक, पण सहज पास होईल’ असे लिहिलेले असते. इथे एखादा तर्कट माणूस म्हणेल की मोटारीच्या चाचणीचे शुल्क जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे, पुष्कळ गॅरेज त्याहून कमीतही करून देतात, मग जी गाडी सहज पास होणार आहे तिची चाचणी करून शे-दोनशे पौंड जास्त मागण्याचे विकणाऱ्याला का सुचले नाही? असे प्रश्न विचारणाऱ्यांना आयुष्यात गाडी मिळत नाही. स्वतःच्या हाताने परीक्षेला बसवण्याऐवजी तो मान आपल्याला देण्याचा त्याचा मोठेपणा ओळखावा. आणि पुढे चाचणी करायची वेळ आलीच तर नगरपालिकेच्या चाचणी केंद्रात चुकूनही जाऊ नये. काही ठिकाणी ही केंद्रे सर्वांसाठी खुली असतात, पण तिथे दुरुस्तीची कामे करत नाहीत, त्यामुळे नसलेला दोष काढून त्यांना काही मिळत नाही आणि असलेला दोष झाकूनही काही मिळत नाही. ज्याचा आपल्याकडून कसलाच फायदा नाही, अशा माणसाशी कसे वागायचे याचा आपल्याला सराव नसतो.

गाडी पाहायला नोव्हेंबरात, संध्याकाळी साडेचारला, पाऊस पडत असताना जावे. अंधार पडलेला असतो, ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमधला पिवळा दिवा कुठल्याही रंगाला नव्यासारखी झळाळी देतो. बॉनेटला हात लावावा. ते कोमट असेल तर विकणाऱ्याने आपल्याला थंडी वाजू नये म्हणून इंजिन आधीच चालू करून ठेवले, असे समजून त्याचे आभार मानावेत. थंड इंजिन सुरू होताना कसा आवाज करते, हे घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे ऐकता येते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तीस दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात, म्हणून डीलर टाळावा आणि ‘जशी आहे तशी’ विकणारा खासगी माणूस गाठावा. रस्त्यावर चालवण्यास अयोग्य गाडी विकणे हा १९८८ च्या कायद्याने गुन्हाच आहे, मग विकणारा कोणीही असो, पण चहा पाजणाऱ्या माणसाला कलमे कोण ऐकवणार? लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचे नाव असते तो कागदोपत्री ‘कीपर’, म्हणजे गाडी सांभाळणारा, असतो, मालक असेलच असे नाही, हे लॉगबुकवरच छापलेले असते, म्हणजे वाचायला नको. आणि रस्त्याचा कर ऑक्टोबर २०१४ पासून गाडीबरोबर नव्या माणसाकडे येत नाही. तो आपण भरायचा असतो, गाडी घरी आणण्याआधी.

माझ्या दुसऱ्या गाडीला मात्र मी क्लचपासून धडा घेऊन गेलो होतो. चढावर तीनदा उभी करून पाहिली, क्लच उत्तम होता. तीन महिन्यांनी ब्रेक दाबल्यावर किंचित कुरकुर ऐकू येऊ लागली म्हणून घराजवळच्या एका गॅरेजात नेली. मेकॅनिकने ती रॅम्पवर उचलली, मला खाली बोलावले आणि टॉर्चचा झोत मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीवर धरला. नळीवर काळ्या ग्रीसचा जाड थर होता. त्याने चिंधीने तो थर पुसला, तेव्हा चिंधीत ग्रीसबरोबर तपकिरी खपल्याही आल्या. त्याने त्या माझ्या तळहातावर ठेवल्या, जिऱ्याच्या दाण्यांएवढ्या होत्या. मी दुसऱ्या हाताने खिशातला कागद काढला आणि उलगडून त्याच्यासमोर धरला, की अजून तर आठ महिने आहेत. त्याने कागद टॉर्चच्या उजेडात नीट, वरपासून खालपर्यंत वाचला. ॲडव्हायझरीची ओळ मी त्याच्याबरोबर पहिल्यांदाच वाचत होतो. मग त्याने कागदाची घडी घालून मला परत दिली आणि म्हणाला, “हो, तारीख अगदी बरोबर आहे.”