बॉल बेअरिंग टर्बोलाही ऑइल लागतंच

‘बॉल बेअरिंग टर्बोला ऑइल लागत नाही आणि जर्नल बेअरिंग टर्बोचा शाफ्ट बोटाने हलला की टर्बो गेला,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधानं चुकीची आहेत. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र; त्याच्या फिरणाऱ्या शाफ्टला (दांड्याला) आधार देणारं बेअरिंग जर्नल किंवा बॉल प्रकारचं असतं.

दुसरं आधी, कारण त्यापायी चांगले टर्बो काढून फेकले जातात. जर्नल प्रकारात शाफ्ट बुशमध्ये (धातूच्या गुळगुळीत नळीत) फिरतो; बुश आणि शाफ्ट यांच्यात ऑइलचा थर, बुश आणि हाउसिंग (बाहेरचं कवच) यांच्यातही थर. बहुतेक रचनांत बुश स्वतःही शाफ्टपेक्षा कमी वेगाने फिरतो. मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेणारा शाफ्ट धातूला न टेकता तरंगतो तो या थरांवर. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो, त्यामुळे शाफ्ट आडवा थोडा हलणारच. मात्र शाफ्टच्या टोकाचं चाक हाउसिंगला घासत असेल, किंवा शाफ्ट लांबीच्या दिशेने मागेपुढे होताना हाताला जाणवत असेल, तर काळजी करा. लांबीच्या दिशेचा भार वेगळं थ्रस्ट बेअरिंग पेलतं.

बॉल बेअरिंगमध्ये घर्षण कमी, म्हणून टर्बो लवकर वेग पकडतो. ऑइल कमी लागतं, म्हणून ऑइल लाइनमध्ये बऱ्याचदा रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारा अरुंद तुकडा) बसवतात. कमी म्हणजे शून्य नव्हे! गोळ्यांना वंगण, उष्णता वाहून नेणं आणि बहुतेक कार्ट्रिजभोवती (बेअरिंगच्या एकसंध संचाभोवती) कंपनं शोषणारा थर, ही सगळी कामं ऑइलचीच.

घाणेरडं ऑइल दोघांनाही मारतं.