आठवा फर्मा

गेल्या वर्षी १ जानेवारीला मी दोन संकल्प सोडले. (संकल्प 'सोडणे' या शब्दात आपल्या पूर्वजांनी दोन्ही अर्थ आधीच भरून ठेवलेत, त्यांना आपली पूर्ण कल्पना होती.) पहिला संकल्प, वर्षात ५२ पुस्तकं वाचायची. दुसरा, घरातली वाचून संपेपर्यंत एकही नवं पुस्तक घ्यायचं नाही. दुसऱ्यात 'नवं' असा शब्द मी वापरलाय, जुन्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, हे २६ जानेवारीला माझ्या ध्यानात आलं. सुट्टी होती, आणि डोंबिवलीत एका मंगल कार्यालयात किलोवर जुनी पुस्तकं विकायला आली होती.

किलोवर पुस्तकं घेताना माणूस साहित्य विसरतो. मी पहिल्या पाच मिनिटांत पुस्तकाचं नाव बघायचं सोडून ते हातावर तोलायला लागले. कापडी बांधणीचं पुस्तक म्हणजे पुठ्ठ्याचे पैसे फुकट. आर्ट पेपरवरचं प्रवासवर्णन म्हणजे तर सरळ दरोडा. काटेवाला म्हणाला, "ताई, तीन किलो नऊशे झालं. चार करू?" मी भाजीवर कोथिंबीर घ्यावी तसा एक कवितासंग्रह टाकला, तरी काटा हलेना. मग आणखी एक टाकला. कवींचं या व्यवहारात फार नुकसान होतं. शेवटी ढिगाच्या तळातून एक रहस्यकादंबरी ओढली तेव्हा कुठे चार किलो भरले.

कादंबरी १९७२ सालची, किंमत चार रुपये, पानं २०८. कोकणातल्या कुठल्याशा गावच्या वाचनालयाचा शिक्का आणि त्यावर दुसरा शिक्का, 'रद्दबातल'. तिचं नाव सांगत नाही. लेखकाचे वारस असतील कुठे, आणि पुढे जे झालं त्यात त्या माणसाची काहीच चूक नव्हती.

माझं बहुतेक वाचन लोकलमध्ये होतं. गाडी डोंबिवलीहूनच सुटणारी असली की धावतपळत का होईना, बसायला मिळतं. ठाण्याला मात्र डबा असा भरतो की पुस्तक आडवं धरता येत नाही, नाकासमोर उभं धरावं लागतं. त्याच ठाण्याला एक बाई चढायच्या आणि नेमक्या माझ्या डोक्याशी उभ्या राहायच्या. चारपाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पान वाचून झालं की वरून "हं" असा आवाज येतो. त्या माझ्याहून भरभर वाचत. आधी साधा "हं" यायचा, मग जरा थांबून "हं?", आणि तरीही मी पान उलटलं नाही तर "हंऽऽ".

आम्ही एकमेकींना नावं विचारली नाहीत. आजतागायत विचारलेली नाहीत. ठाण्याच्या म्हणून त्या माझ्या मनात ठाणेकर, एवढंच. दादरला उतरून त्या पश्चिम रेल्वेकडे पळत, मी सीएसएमटीपर्यंत. म्हणजे दिवसातला अर्धा तास, ठाणे ते दादर, ही कादंबरी आमच्या दोघींची होती. पुढचं मी एकटीनं वाचलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना कळायचं. "काल भायखळ्यापर्यंत वाचलंत ना?" असं इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारायच्या की मी दादरनंतर पुस्तक मिटून बसायला लागले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, कुर्ला जाताजाता, आम्ही पान ११२ च्या तळाशी आलो. वाड्यात अंधार. बाहेर पाऊस. नायिकेनं थरथरत्या हातांनी लिफाफा फोडला, आत होतं

वरून "हं!" आलं. मी समोरच्या पानावर गेले.

'म्हणून तर डॉक्टर घोड्यावरून पडले.'

पान १२९. आम्ही दोघींनी पुस्तक खालीवर केलं, पानं चिकटलीत का बघितलं. चिकटलेली नव्हती, नव्हतीच. उलट जरा चाळलं तर १४४ नंतर पुन्हा १२९, आणि डॉक्टर पुन्हा घोड्यावरून पडत होते.

"अहो, पण लिफाफ्यात काय होतं?" ठाणेकर जवळजवळ ओरडल्या. डब्यातल्या सहा बायकांनी वळून पाहिलं. त्यातली एक कोथिंबीर निवडत होती. "कोणाचा लिफाफा?" तिनं विचारलं, आणि दादर येईपर्यंत ठाणेकरांनी तिला ११२ पानांची कादंबरी तोंडी सांगून टाकली.

आता थोडं तांत्रिक, कारण वर्षभर मी हे ज्याला त्याला सांगत होते, तुम्हीच कसे सुटाल? पुस्तक पान पान छापत नाहीत. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात, घडी घालतात, तो झाला एक फर्मा. आमची कादंबरी तेरा फर्म्यांची. बाइंडरसमोर फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं लावलेले असतात, तो प्रत्येकातला एकेक उचलत जातो आणि शिवतो. त्या दिवशी त्या भल्या माणसाचा हात आठव्या गठ्ठ्यावर पडायचा तो नवव्यावर दोनदा पडला. आठवा फर्मा म्हणजे ११३ ते १२८. सबंध लिफाफा त्यात.

पुढचं वाचायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलं. आधी आठवा फर्मा, मग नववा. एवढी शिस्त आम्ही आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवली नसेल.

घरी मात्र सासूबाईंनी दोन दुपारींत कादंबरी संपवून टाकली. मी आणते ती पुस्तकं खरं तर त्याच वाचतात. जेवण झालं की चष्म्यावर भिंग धरून बसतात ते चहापर्यंत.

"आई, मधली सोळा पानं नाहीत त्यात."

"असं? मला नाही काही कमी वाटलं."

"आणि नंतरची सोळा दोनदा आहेत."

"हो, डॉक्टर दोनदा पडतो खरा. घोडाच वाईट असेल. खून कोणी केला सांगू?"

मी कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात गेले. हे पुढे वर्षभर चाललं. भाजीला मीठ कमी पडलं की त्या नुसतं म्हणायच्या, "सांगू का?"

मग शोध सुरू झाला आणि त्यात माझा संकल्प वाहून गेला. एक पुस्तक शोधायला गेलं की ते सोडून सात मिळतात. ऑफिस फोर्टात, जेवणाच्या सुट्टीत हुतात्मा चौकातल्या फुटपाथपर्यंत चालत दहा मिनिटं. तिथे इंग्रजीचा डोंगर, मराठी चिमूटभर. "मराठी कम आता है, मॅडम," विक्रेता म्हणाला, आणि त्या चिमटीतूनही मी चार उचलली. एका रविवारी माटुंग्याला किंग्ज सर्कलला गेले, तिथे अभ्यासाच्या पुस्तकांच्या मागे एक जुना पाकसिद्धीचा ग्रंथ सापडला. 'दोन शेर तूप घ्यावे' अशी सुरुवात. तो घेणं भाग होतं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला घासाघीस शिकवली. हवं ते पुस्तक हातात धरायचंच नाही, शेजारचं धरायचं. त्याची किंमत विचारायची, तोंड वाकडं करायचं, आणि जाताजाता, "आणि हे?" हे मला कधीच जमलं नाही. फुटपाथवरचा माणूस पुस्तकाची किंमत पुस्तकावर बघत नाही, तुमच्या चेहऱ्यावर वाचतो. मी शेजारचं पुस्तक धरून उभी असताना तो माझ्या नजरेच्या रेषेत बोट नेऊन म्हणाला, "वो दो सौ. जो हाथ में है वो तीस." शेवटी दोन्ही घेतली. तीसवालं इतकं स्वस्त होतं की ठेवून येणं जिवावर आलं.

ठाणेकरही आपल्या बाजूनं प्रयत्न करत होत्या. "आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं," त्यांनी एकदा मुलुंड जाताना मला सुनावलं. "तुमचं मुंबईचं १८९८ चं."

"माझं कसलं, मी डोंबिवलीची. पण मग तिथे बघा ना!"

"सभासदत्व केव्हाच संपलं हो. आठ वाजता घरी पोचल्यावर कोण जातंय?" त्या जरा थांबून म्हणाल्या, "आणि तिथनं आणली तर परत द्यावी लागेल." हे ऐकलं आणि ही बाई आपल्यातली आहे याबद्दल माझी खात्री पटली.

पावसाळ्यात पुस्तकं फुगतात. छत्री बॅगेवर आणि स्वतः पावसात, अशी मी चार महिने डोंबिवली स्टेशन ते घर चालले. घरात कसर झाली. हा चंदेरी किडा फार प्रामाणिक असतो, त्याला गोष्टीत काडीचा रस नसतो, बांधणीला लावलेल्या खळीत असतो. सासूबाईंनी वेखंडाचे तुकडे दिले, आईनं फोनवर कडुलिंबाचा पाला सांगितला, नवऱ्यानं किंडल सुचवलं. जुन्या पुस्तकांना व्हॅनिलासारखा मंद वास येतो, कागदातली लाकडाची द्रव्यं वर्षानुवर्षं विघटन पावत असतात त्याचा तो वास, असं मी त्याला कौतुकानं सांगितलं. "म्हणजे कुजतंय," तो म्हणाला. ऑक्टोबरच्या उन्हात मी गॅलरीत पुस्तकं वाळत घातली तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "या दिवसांत पापड?"

दिवाळीत नवे अंक सोडून मी जुने अंक घेतले, दहा रुपयांना एक. १९०९ साली 'मनोरंजन'नं मराठीत दिवाळी अंक सुरू केला तेव्हापासून किती छापले गेले असतील, आणि त्यातले निम्मे आपल्याच घरी आलेत, असं नवऱ्याचं म्हणणं. जुन्या अंकाची गंमत त्यातल्या वार्षिक राशिभविष्यात असते. १९८७ च्या अंकात माझ्या राशीला लिहिलं होतं, 'अनावश्यक खरेदी टाळावी. कुटुंबात मतभेद संभवतात.' अडतीस वर्षं उशिरा का होईना, तंतोतंत.

डिसेंबरात पुण्याला एका लग्नाला गेलो. रविवारी सकाळी, लोक नाश्त्याला बसलेले असताना, मी जुन्या बाजारात सटकले. बुधवार-रविवार भरतो तो. पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं, सायकलची चाकं, एकच पायातला बूट, आणि या सगळ्यामध्ये ताडपत्रीवर पुस्तकांचा ढीग. त्यात ती होती. तेच मुखपृष्ठ, तोच वाडा, तीच किंचाळणारी बाई. आत शाईनं लिहिलेलं, 'वहिनीस वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट.'

मी चेहरा दगडासारखा केला. पान ११३ उघडलं. होतं! ११४ होतं, १२८ होतं. मी पुस्तक मिटलं, एक ओळही वाचली नाही, आणि विचारलं, "किती?"

"पन्नास."

"शंभर घ्या," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

परतीच्या गाडीत लोणावळ्यानंतर राहवेना म्हणून पानांचे नुसते आकडे बघितले. १२८ नंतर ११३. मग पुन्हा १२८ पर्यंत, आणि एकदम १४५. या प्रतीत आठवा फर्मा दोनदा होता आणि नववा नव्हताच. म्हणजे त्या दिवशी, त्याच बाइंडरच्या हातून, माझ्या प्रतीतला आठवा हिच्यात गेला होता आणि हिच्यातला नववा माझ्या. एक कोकणात वाचनालयात गेली, एक कुणाच्या वहिनीकडे. एकाच टेबलावर ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणी पन्नासेक वर्षांनी माझ्या पिशवीत भेटल्या. मी नवऱ्याला हलवून उठवलं आणि सांगितलं. तो म्हणाला, "छान," आणि कूस बदलली.

३० डिसेंबरला त्यानं एक्सेल उघडलं. वर्षभरात विकत घेतलेली पुस्तकं ९७. खर्च ६,३४० रुपये. मी वाचलेली १४. "म्हणजे वाचलेलं एक पुस्तक ४५३ रुपयांना पडलं. कोरी करकरीत घेतली असतीस तर स्वस्त पडली असती." मी विचारलं, आईंनी वाचलेली धरलीस का? सासूबाईंनी आतून आकडा सांगितला, "एकसष्ट. डॉक्टरची दोनदा धरली तर बासष्ट." बेरीज केली तर आमच्या घराचा ५२ चा संकल्प दिवाळीआधीच पुरा झाला होता. नवऱ्यानं एक्सेल बंद केलं.

३१ डिसेंबरला मी दोन्ही प्रती घेऊन निघाले. ठाण्याला त्या चढल्या. मी वहिनींची प्रत उघडली आणि वाचनालयाची त्यांच्या हातात दिली. "१२९ मध्ये बोट घालून तयार राहा," मी सांगितलं. त्यांनी घातलं.

नायिकेनं थरथरत्या हातांनी लिफाफा फोडला, आत होतं… दुसरा लिफाफा.

"हं?!" वरून आलं.

दुसरा लिफाफा उघडणार तेवढ्यात दिवे गेले. मेणबत्ती शोधण्यात दोन पानं. घाटकोपर. मोलकरीण खोटं बोलतेय की नाही यात पाच पानं. कुर्ला. डॉक्टर एकदाचे घोड्यावर बसले आणि मेणबत्ती पेटली तेव्हा आम्ही १२६ वर होतो. कोथिंबीरवालीही वाकून वाचत होती. आणि तेवढ्यात दारातून "दादर, दादर, चला" सुरू झालं, गर्दीची एक लाट मागून आली आणि ठाणेकर तिच्याबरोबर गेल्या. फलाटावरून त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हातात माझी वाचनालयाची प्रत होती, बोट अजून १२९ मध्ये.

गाडी सुटली. मी १२७ वाचलं, पान उलटून १२८ वाचलं, आणि समोरच्या पानावर गेले. ११३. भायखळा येईपर्यंत लिफाफा दुसऱ्यांदा फोडून झाला होता.