बैलाचं पाणी पिऊन झालं का?

२०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हा मला मूल नव्हतं, म्हणून कूलर भरायला सात मिनिटं लागायची. आता पाऊण तास लागतो, कारण हाताखाली मदतनीस आलाय. वय अडीच वर्षं, अंगात फक्त चड्डी, हातात देवघरातला तांब्या.

चूक माझीच. लेकराला घरच्या कामात घ्या, त्यातून त्याला सहकार्याची सवय लागते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते खोटं नाही. फक्त सहकार्य कुणी कुणाशी करायचं, हे आधी ठरवून घ्यायला हवं होतं.

सकाळी नळ असतो तेवढ्यात हॉलचा कूलर भरायचा. त्याआधी प्लग काढायचा, या एका नियमावर मी कुणाचं ऐकत नाही. गोलूलाही तो इतका पाठ आहे की मी टाकीजवळ गेले रे गेले की "पग काढ्या?" म्हणून मलाच दटावतो. मग पर्याय द्यायचे. या वयात 'हे कर' म्हटलं की 'नाही' ठरलेलंच. म्हणून दोन गोष्टी पुढे ठेवायच्या आणि निवड त्याच्यावर सोडायची.

"गोलू, तांब्या घेतोस की मग्गा?"

"पाइप."

पाइप मिळाला नाही, तेव्हा साहेब ओल्या फरशीवर आडवे. देवघरातून सासूबाईंचा आवाज, "काऊन रडवून राहिली वं लेकराले सकाळी सकाळी?"

सासूबाईंवरून आठवलं. १९७०च्या आसपास अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांपुढे खाऊ ठेवून पाहिला होता. आता खाल्लास तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. मी तेच संत्रा बर्फीवर केलं. गोलू त्या मुलांपेक्षा लहान, हे मान्य. पण पोरगं मन लावून थांबलं होतं हो! मी दाराआड, तो वडीकडे टक लावून. दुसऱ्याच मिनिटाला सासूबाई आल्या, "काऊन तरसवून राहिली त्याले?" म्हणत त्याच्या हातावर तीन वड्या ठेवून गेल्या. मिशेलसाहेबांच्या खोलीत आजी नव्हती.

स्वतःला आवरायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं आणि तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते, असं म्हणतात. माझा दीर सत्तावीसचा आहे. असो.

कामी आली ती एकच युक्ती, आणि ती बैलामुळे सापडली. गेल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, एक चाक गेलेला, शिंगाचा रंग उडालेला, दोरीला बांधून गोलू घरभर ओढत असतो. 'पाच मिनिटांत आत जायचं' याचा त्याला काही अर्थ लागत नाही; पाच मिनिटं दिसत कुठं? एकदा वैतागून म्हणाले, "बैलाचं पाणी पिऊन झालं की आपण आत." त्यानं बैलाचं तोंड टाकीत बुडवलं, कान लावून ऐकलं, "झायं" म्हणाला आणि चक्क बैल काखोटीला मारून आत गेला. न रडता! मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले.

तेव्हापासून आमच्याकडे सगळ्याची मोजणी बैलावर. बैल जेवला की ताट उचलायचं, बैल झोपला की लाइट बंद.

काल दुपारी मात्र ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि हॉलच्या कूलरमधून नुसता गरम वारा. पाहते तर टाकी तळाला गेलेली, पंपाशी बैल आडवा अडकलेला. प्लग काढला, हात घातला, तर मागून चड्डी सावरत साहेब हजर. माझा हात धरला आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले,

"आई, थांब ना. पाणी पिऊन लाह्यला."

घरातले चौघं घामाघूम. मी थांबले.