नुसत्या स्टार्सवर ग्रेड?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरच्या या लेखात फक्त स्टार्सचं (शाळेतल्या खेळाडूंना मिळणारं रेटिंग) रँकिंग बघून रिक्रूटिंग क्लासला, म्हणजे टीमने त्या वर्षी घेतलेल्या नव्या पोरांना, ए प्लस देऊन टाकलाय, पण टेक्सास ए अँड एमचा २०२२ चा क्लास विसरलात का राव? देशात नंबर वन, रिक्रूटिंगवाल्यांनी तर आजवरचा बेस्ट म्हणून डोक्यावर घेतलेला, आणि त्याच सीझनला टीम ५-७, साधा बोल गेम (सीझननंतरची खास मॅच) पण नाही. पुढच्या नोव्हेंबरात कोच जिंबो फिशरला काढला, तो पण साडेसात कोटी डॉलरच्या वर बायआउट (करार मोडल्याची भरपाई) देऊन 😂 आणि त्या क्लासमधली पोरं? दुसऱ्या कॉलेजांत! वॉल्टर नोलन ओल मिसला, इव्हान स्टुअर्ट ओरेगनला, ओव्हरटन अलाबामाला... पोसली यांनी, खेळली दुसऱ्यांकडे.

उलट मिशिगनचा माइक सेनरिस्टिल बघा, थ्री स्टार, घेतला रिसीव्हर (पास झेलणारा) म्हणून, मग डिफेन्सला हलवला आणि २०२३ सीझनच्या फायनलला वॉशिंग्टनचा बॉल पकडून ८१ यार्ड पळाला. स्टार्स अगदीच फालतू असतात असं नाही म्हणत, स्टारवाली पोरं घेणारी जॉर्जियाची टीम काय उगाच जिंकत नाही. पण मी तरी आधी लाइनमन (पुढच्या फळीत धक्काबुक्की करणारे) किती आणि कसे घेतलेत ते बघतो, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं कौतुक नंतर. लेखात तर लाइनवर जेमतेम एकच वाक्य आहे!