‘पाहतो’ म्हणजे नेमके काय?

पंपांच्या नियंत्रकासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या चमूत पाच देशांचे नऊ जण आहेत आणि आम्ही सर्व जण इंग्रजी बोलतो. गोंधळाचे मूळ नेमके तेथेच आहे. एकमेकांची भाषा मुळीच कळत नसती, तर आम्ही दुभाषी नेमला असता, आकृत्या काढल्या असत्या, निदान सावध तरी राहिलो असतो.

पहिली ठेच मला शेऱ्यांची लागली. माझ्या कोडवर ब्रिटिश सहकाऱ्याने लिहिले, “पद्धत रोचक आहे. सवड झाल्यास दुसऱ्याही एखाद्या मार्गाचा विचार करता येईल.” मी हा शेरा घरी मोठ्याने वाचून दाखवला, आणि सवड न झाल्यामुळे विचार काही केला नाही. त्या वाक्याचा अर्थ ‘हे ताबडतोब काढून टाका’ असा होता, हे पंधरा दिवसांनी समजले. उलट नेदरलँड्सच्या सहकारी बाईंनी “हे चूक आहे, पुन्हा लिहा” एवढेच लिहिले, तेव्हा माझी रात्रभर झोप उडाली आणि पहाटेपर्यंत राजीनाम्याचा मसुदा मनात तयार झाला. सकाळी बाई नेहमीच्याच प्रसन्नतेने माझी विचारपूस करीत होत्या. त्यांच्या लेखी चूक कोडची होती, माझी नव्हती. हा भेद मला बुद्धीने पटतो, पण पोटात अजून उतरत नाही.

अशा वेळी इंटरनेटच्या मानककर्त्यांचा हेवा वाटतो. त्यांनी १९९७ सालच्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ ठरवूनच टाकले : पहिला म्हणजे केलेच पाहिजे, दुसरा म्हणजे सबळ कारण असल्याखेरीज टाळू नये, आणि तिसरा म्हणजे ऐच्छिक. मी तो दस्तऐवज सर्वांना पाठवला आणि तो वाचण्याची विनंती करताना ‘शुड’ हा शब्द वापरला. प्रत्येकाकडे सबळ कारण निघाले.

जपानी सहकाऱ्यांचे ‘हाय’ हे आणखी एक प्रकरण. आमच्या बोलीत ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. त्यामुळे त्यांच्या होकाराबद्दल मला तिळमात्र शंका उरली नव्हती. पुष्कळदा त्याचा अर्थ केवळ ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो, हे कळेपर्यंत मी दोन आराखडे त्यांना मान्य असल्याचे जाहीर करून मोकळा झालो होतो. एकदा तर कोणीतरी एक मुद्दा ‘टेबल’ करण्याची सूचना मांडली. त्या क्रियापदाने ब्रिटिश माणसाला विषय चर्चेला घेणे कळते, अमेरिकन माणसाला तो बाजूला ठेवणे. एकाने कागद उघडले, दुसऱ्याने मिटले, आणि दोघेही एकमत झाल्याबद्दल समाधानाने हसले. विधिमंडळात कागदपत्रे पटलावर ठेवतात हे ठाऊक असल्यामुळे मी ब्रिटिश बाजूने कागद उघडले.

निदान आकड्यांत तरी मतभेद नसावा, अशी माझी भाबडी समजूत होती. नेदरलँड्सच्या बाईंनी दाबाची मर्यादा ‘१.५००’ किलोपास्कल अशी लिहून दिली. त्यांच्याकडे हजारांचा गट टिंबाने आणि दशांश स्वल्पविरामाने दाखवतात. मी दीडहजाराचे दीड केले. चाचणीच्या वेळी पंप सुरू होताच जीव मुठीत धरून बंद पडू लागला. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी हरवले, कारण एका चमूचे सॉफ्टवेअर पाउंड-बल-सेकंदांत आकडे देत होते आणि दुसरा चमू ते न्यूटन-सेकंद समजत होता. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. ती मंडळी तर एकाच देशातली होती. आमचा पंप जागच्या जागीच थांबला, यावर मी समाधान मानले.

इतरांच्या या खोड्या मी चवीने सांगत असे, तोवर माझ्या ‘पाहतो’ची पाळी आली. अमेरिकन सहकाऱ्याने एक काम सुचवले, मी सवयीने “आय विल सी” म्हणालो आणि त्याने तत्परतेने फलकावर माझे नाव व शुक्रवारची मुदत टाकली. मला ‘हा विषय आता पुन्हा काढू नका’ असे म्हणायचे होते, हे मराठी माणसाला सांगावे लागले नसते. शिवाय ज्या भाषेत होऊन गेलेला दिवस आणि यायचा दिवस असे दोन्ही ‘परवा’च असतात, तिच्यात वाढलेल्याने दुसऱ्याच्या संदिग्धतेवर किती बोट ठेवावे?

अखेर स्पष्ट संवादावर एक स्वतंत्र बैठक मार्चमध्ये बोलावण्यात आली. अमेरिकेतील बहुतेक घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपातील शेवटच्या रविवारी, आणि माझे कधीच नाही. बैठक न्यूयॉर्कच्या वेळेवर बांधलेली होती. मी नेहमीच्या वेळी हजर झालो, तेव्हा ती आटोपली होती. इतिवृत्त मात्र आले. संवादाची मार्गदर्शिका लिहिण्याचे काम एकमताने माझ्याकडे सोपवले होते आणि पुढे मुदत होती : ०४/०५. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून वर्ष, महिना, दिवस असा क्रम सांगत आले आहे, याची आठवण देऊन मी विचारले की ही पाच एप्रिल की चार मे. ब्रिटिश सहकाऱ्याने कळवले, “प्रश्न रोचक आहे.”

मी उलट टपाली उत्तर धाडले, “पाहतो.”